गोजरबाईच्या कोंडवाड्यातला वाघ

उकंडरावचे पुढचे तीन दात गोजरबाईने पाडले, त्याला येत्या पोळ्याला आठ वर्षं होतील. त्यातले दोन सापडले. तिसरा दारोगाने कडब्यासोबत गिळला आणि तेव्हापासूनच तो एवढा तापट झाला, असं पळसझिरीतली जाणती माणसं अजून शपथेवर सांगतात.

दारोगा म्हणजे गोजरबाईचा टकरीचा हेला. तालुक्यात एवढा काळा रेडा दुसरा नव्हता. अमावस्येला गोठ्यात उभा राहिला की बाहेरचा अंधार फिका वाटायचा. त्याच्या शिंगांच्या फेऱ्यात बैलगाडीचं चाक बसेल आणि वर तेल पाजायला हात जाईल. सरकी, जवस, रोज बारा अंडी आणि टकरीच्या दिवशी एक बाटली गावठी, असा त्याचा खुराक. गोजरबाई स्वतः भाकरीवर मिरची चुरडून खायची. नवरा गेला, पोरबाळ नव्हतं, घरात बोलायला कोणी नव्हतं. जे काही बोलायचं ते ती दारोगाशी बोलायची, आणि तो कान हलवून हो ला हो म्हणायचा. तिच्या नवऱ्याने चाळीस वर्षांत तेवढंही केलं नव्हतं.

दात पाडले ते कोंडवाड्याच्या नियमापायी.

पळसझिरी हे रोहिणखेडच्या पलीकडे, ज्ञानगंगेच्या जंगलाला पाठ लावून बसलेलं गाव. आजूबाजूच्या गावांतले कोंडवाडे केव्हाच पडले, पळसझिरीचा तेवढा ताठ उभा आहे. दोन पुरुष उंच दगडी भिंत, भिंतीवर बाभळीच्या काट्यांचे गंज, आत एका कोपऱ्यात पत्र्याची पडवी आणि पुढे जाड लोखंडी गजांचं फाटक. भिंत बांधताना चुन्यात कोण्या इंग्रज साहेबाचं घड्याळ पडलं होतं, दुपारी कान लावला तर अजून टिकटिक ऐकू येते. फाटकाची किल्ली आधी गोजरबाईच्या नवऱ्याकडे होती. तो गेला त्या दिवशी गळ्यातलं मंगळसूत्र निघालं आणि त्याच गळ्यात काळ्या दोऱ्यातून किल्ली आली.

नियम साधा होता. ज्या जनावराच्या गळ्यात पट्टा, दावं किंवा घंटी आहे त्याला धनी आहे. ते तुमच्या वावरात शिरलं, पीक लोळवलं, काही केलं, तरी त्याच्यावर शस्त्र टाकायचं नाही. हाकलत आणायचं आणि कोंडवाड्यात घालायचं. मग धन्याने यायचं, पाच माणसांसमोर जनावराच्या पाठीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "जनावर माझं, गुन्हा माझा." एवढं म्हटलं की फाटक उघडलं. आणि कोणीच माझं म्हटलं नाही, तर जनावर गावाचं. गाव त्याचं काय वाटेल ते करील.

आठ वर्षांपूर्वी उकंडरावच्या मक्यात कोणाची तरी घंटीवाली गाय शिरली. उकंडराव हा गोजरबाईच्या नवऱ्याचा दोस्त, गडी मनाचा वाईट नाही, पण त्याचं डोकं चुलीवरच्या तव्यासारखं, पाणी पडलं की चर्र. त्याने गाईच्या पाठीत कुऱ्हाड घातली. गोजरबाईने गाय बघितली. मग ओढाळ ढोराच्या गळ्यात अडकवतात तो बाभळीचा ओंडका, लोढणं म्हणतात त्याला, तो कोंडवाड्याच्या फाटकाशेजारच्या खुंटीवरून काढला आणि उकंडरावच्या तोंडावर असा बसवला की तो मक्यातून उडून सोयाबीनमध्ये पडला. मधे एक नाला होता. गावाने म्हटलं, न्याय झाला. उकंडरावच्या बोलण्यातून तेव्हापासून हवा निघते.

मग वाघ आला.

वाघ यवतमाळकडून आला. मधे रेल्वेचे रूळ, हायवे, दोन जिल्हे आणि एक लग्नाची वरात ओलांडून. वरातीतल्या बँडवाल्यांनी त्याला बघितलं आणि त्यांची पिपाणी आजतागायत सुरात लागत नाही. तरणा नर होता. गळ्यात त्याच्या जाड पट्टा.

ही बातमी प्रेमानंदने आणली. प्रेमानंद उंद्रीचा, इथल्या बीटचा वनरक्षक, हाडाचा बारीक पण पायाचा पक्का. ग्रामपंचायतीत सगळं गाव जमवून त्याने सांगितलं की घाबरू नका, एकटं फिरू नका, आणि तो पट्टा खात्याने घातला आहे, त्याच्यावरून वाघ कुठे आहे ते मोबाईलवर कळतं.

सरपंच शेषराव खुर्चीत सावरून बसला. "म्हंजे वाघ खात्याचा हाय."

"नाही हो भाऊ. वाघ कोणाचाच नसतो. जंगली जनावर आहे ते."

"मंग गळ्यात पट्टा काऊन घातला बे? आम्ही रानडुकराले घालतो काय पट्टा?"

प्रेमानंदला वन्यजीव कायद्याची सगळी कलमं पाठ होती. या प्रश्नाचं कलम त्यात नव्हतं.

"ज्यानं पट्टा घातला तो धनी," मागून कोणीतरी बोललं. "म्हणा साहेबाले, आपलं जनावर बांधून ठेवा."

महिनाभर वाघाने कोणाचं काही बिघडवलं नाही. उकंडरावच्या मक्यातली आठ डुकरं तेवढी फाडली, आणि उकंडराव मनातून एवढा खूश झाला की जंगलाकडे तोंड करून त्याने दोनदा नमस्कार केला. नवव्या वेळी वाघाला डुक्कर मिळालं नाही. त्याने उकंडरावचा गोऱ्हा धरला. सकाळी माणसं गेली तर गोऱ्ह्याची मान उलटी फिरलेली, मागचा अर्धा भाग खाऊन संपलेला आणि पुढचा अर्धा डोळे उघडे ठेवून गावाकडे बघत असलेला.

उकंडराव पुन्हा पंचायतीत आला तेव्हा त्याच्या हातात कीटकनाशकाचा डबा होता. "मढ्यावर टाकतो हे. रातच्याले येईल, खाईल, मरून जाईल. कोणी मंधात बोलू नका."

"पट्टा हाय त्याले," गोजरबाई दारातून बोलली.

"वयनी, ढोर नाही ते. वाघ हाय."

"नेमात ढोर नाही म्हटलं. जनावर म्हटलं हाय."

"तुह्यं जाईल तेव्हा बोल."

"माह्यं गेलं तरी हेच बोलीन. दारोगा गेला तरी."

साऱ्या गावाने ते ऐकलं. पाल चुकचुकली म्हणावं तर पंचायतीतल्या पाली माणसांच्या बोलण्याला कंटाळून कधीच निघून गेल्या होत्या. गोजरबाईने डबा उकंडरावच्या हातातून काढून घेतला. त्याने दिला, कारण दुसऱ्या हाताने ती पदर सावरत होती आणि पदराखाली लोढणं आहे की नाही हे त्याला दिसत नव्हतं.

दिवाळीनंतर पाचव्या दिवशी पळसझिरीत हेल्यांच्या टकरी लागतात. बंदी आहे, म्हणून आताशा ढोल जरा हळू वाजवतात. मैदान कोंडवाड्याच्या पुढ्यातलं. त्या दिवशी अडकलेली सगळी जनावरं धन्यांच्या हवाली करून कोंडवाडा रिकामा करायचा आणि फाटक सताड उघडं टाकायचं, असा रिवाज. मैदानाच्या एका अंगाला कोंडवाडा, दुसऱ्या अंगाला उकंडरावची माणूसभर उंचीची तूर.

सकाळी दहाचा सुमार. दारोगाच्या कपाळावर शेंदूर, शिंगांना मोरपिसं, पोटात बाटली. समोर उकंडरावचा सुलतान. दोन्ही हेल्यांनी खुरांनी माती उकरली ती पहिल्या रांगेतल्यांच्या तोंडात गेली. गोजरबाईने दारोगाचं दावं मुठीला गुंडाळून धरलं होतं. कोणीतरी सुतळी बॉम्ब पेटवला आणि मजा म्हणून तुरीत फेकला.

तुरीत वाघ झोपला होता.

तो बाहेर आला तो जमिनीवरून आला नाही. माणसांच्या डोक्यांवरून आला. मधल्या एका ढोलवाल्याच्या पाठीवर त्याचे मागचे पंजे टेकले तेवढ्याने सदरा, कातडं आणि मांस मानेपासून कमरेपर्यंत पाटीवर रेघोट्या ओढाव्यात तसं उघडलं. ढोल फुटला, त्यातून रक्त गळायला लागलं. माणसं एकमेकांच्या अंगावरून पळाली. एकाची नडगी मोडली, तिचा आवाज बॉम्बपेक्षा मोठा आला. सुलतानने वाघ बघितला, शेपटी उचलली आणि दावं धरलेल्या तिघांना फरपटत तो जो निघाला तो मोताळ्याच्या बसस्टँडवर जाऊन थांबला. तिघांतला एक तिथूनच बसने परत आला.

दारोगा पळाला नाही. दारोगाने मान खाली घातली.

गोजरबाईच्या तळहातातून दावं सुटलं ते तिथली कातडी घेऊनच सुटलं. वाघ वळायच्या आत अकरा क्विंटलचा तो काळा पहाड त्याच्यावर आदळला. एक शिंग वाघाच्या मागच्या मांडीत शिरलं. दारोगाने मान झटकली तसा वाघ हवेत गेला, खाली आला आणि येता येता त्याने दारोगाचं अर्धं तोंड ओरबाडून काढलं. नाकपुडी लोंबायला लागली. एक डोळा गेला. दारोगाला त्याचं काही नव्हतं. टकरीत समोरच्याला रेटत नेऊन भिंतीला लावायचं, एवढंच त्याला पाच वर्षं शिकवलेलं. तो वाघाला रेटत निघाला. वाघ त्याच्या मानेला लटकलेला, पंजे खांद्यात रुतलेले, आणि दारोगा खुरं रोवत, फुरफुरत, रक्ताचा फवारा उडवत त्याला मागे मागे ढकलतोय. असे ते दोघं सताड उघड्या फाटकातून कोंडवाड्यात शिरले आणि मागच्या भिंतीवर जाऊन आपटले. भिंतीतलं घड्याळ त्या धक्क्याने पाच मिनिटं पुढे गेलं.

गोजरबाई फाटकाशी पोचली. आत दारोगा गुडघ्यावर आला होता. वाघाने खालून त्याची नरडी धरली होती आणि आता तो पिळत होता, ओला कपडा पिळावा तसा. दारोगाचा राहिलेला एक डोळा फाटकाकडे होता. त्याने एकदा कान हलवला.

तिने हाक मारली नाही. हाक मारली असती तर त्याने उठायला बघितलं असतं आणि मरायला त्याला जास्त वेळ लागला असता.

दारोगा आडवा झाला. वाघाने नरडी सोडली, फाटलेली मांडी ओढत पत्र्याच्या पडवीत गेला आणि तिथे बसून हापायला लागला. गोजरबाईने फाटक ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात टाकली. किल्ली रक्ताने निसरडी झाली होती. रक्त तिच्याच हाताचं होतं.

पळालेलं गाव हळूहळू परतलं. येताना रिकाम्या हाताने कोणी आलं नाही. कुऱ्हाडी, विळे, डुकराचे भाले, एकाने तर ट्रॅक्टरची पहार आणली. वाघ कोंडला गेलाय हे कळल्यावर गावाला फार धीर आला.

शेषराव पुढे झाला. "माय, किल्ली दे."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? ढोलवाला पालथा पडून राह्यला तिकडं. तुह्या दारोग्याचं काय झालं दिसत नाही काय तुले?"

"दिसते."

"मंग दे."

गोजरबाईने किल्लीवर हात ठेवला. खरं सांगायचं तर त्या घडीला तिचा हात किल्ली काढायलाच गेला होता. दोरा मानेवरून अर्धा वर आला होता. आतून माशांचा आवाज यायला लागला होता, दारोगावर बसलेल्या माशांचा. इतकी वर्षं तिने त्याच्या अंगावर माशी बसू दिली नव्हती. एक माणूस बोलला असता, नुसतं "असू दे माय" म्हटलं असतं, तरी तिने किल्ली देऊन टाकली असती.

पण बोलला तो उकंडराव. "आता कशी गप बसली? माह्ये दात पाडताना लय नेम आठोत होता."

दोरा परत खाली गेला.

"पट्टा हाय त्याच्या गळ्यात," ती म्हणाली. "धनी येईल. पाठीवर हात ठेवील. तोवर कोणी आत जायाचं नाही."

पहिला दगड भिंतीवरून आत गेला. मग शंभर गेले. आत पत्र्यावर दगडांचा पाऊस आणि त्याखाली वाघाची गुरगुर, जमिनीतून आल्यासारखी. पहारवाल्याने फाटकाच्या कुलपात पहार घातली. गोजरबाईने खुंटीवरचं लोढणं काढलं. तिचं वय अडुसष्ट, वजन दारोगाच्या एका पायाएवढं. पहारवाल्याचं मनगट काटकी मोडावी तसं मोडलं. दुसऱ्याच्या गुडघ्याची वाटी पार मागच्या बाजूला गेली. शेषरावने मधे पडून समजूत काढायला तोंड उघडलं आणि लोढणं परत येताना त्याच्या कपाळाला चाटून गेलं, तेवढ्याने त्याची भुवई पापणीवर उतरली. तो तिथेच बसला आणि आपल्या हातावरचं रक्त बघून चक्कर येऊन पडला. मग कोणाच्या तरी काठीचा दणका गोजरबाईच्या खांद्यावर बसला. हाडाचा आवाज तिला कानाच्या आतून आला. डावा हात लोंबला. तिने लोढणं उजव्यात घेतलं आणि पाठ फाटकाला लावली.

"या," ती म्हणाली. "एक एक या. घाई नाही मले."

कोणी आलं नाही. इतक्यात लोकांच्या माना वर गेल्या. तिने मागे वळून बघितलं. उकंडराव बाजूच्या निंबाच्या झाडावरून भिंतीवर उतरला होता. काट्यांनी त्याचं धोतर फाटून चिंध्या झालेल्या, हातात भाला. पडवीचा पत्रा दगडांनी एका बाजूला उचकटला होता, त्याखाली वाघाची पाठ दिसत होती.

"उकंडराव, खाली ये," गोजरबाई ओरडली.

"येतोच हाय," असं म्हणून त्याने भाला मारला.

भाला वाघाच्या कानाला घासून जमिनीत घुसला. उकंडरावचा तोल गेला आणि तो भाल्यामागोमाग आत पडला. वाघाने उठायची तसदीही घेतली नाही. बसल्या जागेवरून मान लांब केली आणि उकंडरावचं उजवं कोपर तोंडात घेतलं. उकंडरावच्या तोंडून जो आवाज निघाला त्यात मात्र हवा अजिबात नव्हती.

बाहेर सगळं गाव हत्यारं घेऊन उभं होतं, आणि एकाचाही पाय उचलेना. गोजरबाईने कुलूप काढलं, आत गेली आणि फाटक मागून ओढून घेतलं. दारोगाला वळसा घालायला जागा नव्हती. त्याच्या पोटावर पाय देऊन तिला जावं लागलं. पोट अजून गरम होतं.

वाघ आणि ती यांच्यात आता एक हात अंतर. वाघाच्या तोंडाला दारोगाच्या रक्ताचा वास येत होता, तिच्या ओळखीचा, अंड्या-जवसाचा. तिने लोढणं वर उचललं. त्याचं कपाळ तिच्या समोर होतं. जखमी जनावर, बसलेलं, तोंड गुंतलेलं. एक घाव नीट बसला असता तर त्या दिवसाचा सगळा निकाल तिथेच लागला असता.

तिने तो नाकावर मारला. ओढाळ गाईला मारतात तसा, बेताचा.

"सोड मेल्या," ती म्हणाली.

वाघाने डोळे मिटले, शिंकला, आणि शिंकायला तोंड उघडावंच लागतं. गोजरबाईने लोढणं काखेत मारलं, उकंडरावचं एक तंगडं धरलं आणि दारोगाच्या अंगावरून त्याला ओढत बाहेर आणलं. कोपरापासून खाली हात नुसता कातड्याला लटकून होता. तिने त्याच्याच धोतराच्या चिंधीचं एक टोक दातांत धरून दंड करकचून बांधला, फाटक लावलं, आणि मगच खाली बसली.

प्रेमानंद बुलढाण्याहून रेंजर बाईंना आणि डॉक्टरला घेऊन आला तेव्हा दीड वाजला होता. रेंजर अश्विनी वानखडे नोकरीला नवी होती, बूट अजून चकचकीत. तिने मैदानावरचं रक्त बघितलं, मोडलेली माणसं बघितली आणि आधी जखमींना गाडीतून पाठवायला लागली. उकंडराव गाडीत चढेना. तो म्हणाला, निकाल बघितल्याशिवाय जात नाही. त्याची खाट लोकांनी फाटकाच्या बरोबर पुढे आडवी टाकली आणि खाटेभोवती कडं केलं.

डॉक्टरने फाटकातून गुंगीच्या इंजेक्शनची बंदूक चालवली. वाघाने पिसासारखी ती सुई मांडीवरून चाटली आणि दहा मिनिटांत त्याचं डोकं पुढच्या पंजांवर आलं.

"पिंजऱ्याची गाडी मागे लावा," अश्विनी म्हणाली. "आपल्याकडे चाळीस मिनिटं आहेत."

खाट हलली नाही.

"सरका हो. तो जागा झाला तर परत इंजेक्शन देता येणार नाही. मरेल तो."

"धन्याले म्हणा, आधी पाठीवर हात ठेव," खाटेमागून कोणी बोललं.

प्रेमानंदने तिला कानात सगळं समजावलं. कोंडवाडा, पट्टा, पाठीवरचा हात. अश्विनीने ऐकून घेतलं आणि लोकांकडे वळली. "मी हात ठेवीन. पण माझं म्हणू शकत नाही. वाघ माझा नाही, खात्याचाही नाही. कायद्याने तो कोणाचाच नाही. खोटं बोलून मी तुमचा नियम पाळला असं होणार नाही."

खरं बोलणारा अधिकारी गावाने पहिल्यांदाच बघितला होता, आणि तोही चुकीच्या दिवशी.

"ऐकलं ना," शेषराव डोळ्यावर फडकं धरून म्हणाला. "कोणाचाच नाही. मंग गावाचा."

हे त्यांना सगळ्यांना एकदमच कळलं. कड्यातून कुऱ्हाडी वर आल्या. प्रेमानंदने काठी आडवी धरली, ती कोणीतरी हिसकली आणि त्याचं डोकं गाडीच्या बोनेटवर आपटलं. पुढच्या चाकाची हवा सूं करून गेली. डॉक्टर घड्याळ बघत होता. पंचवीस मिनिटं राहिली होती.

गोजरबाई उठली. गर्दी आपोआप बाजूला झाली, कारण लोढणं अजून तिच्या हातात होतं. तिने ते खाली टाकलं. खाटेच्या पायथ्याकडून वाट काढत फाटक उघडून ती आत गेली. दारोगाजवळ थांबली, त्याच्या शिंगात अडकलेलं एक मोरपीस काढून कमरेला खोचलं. मग वाघाशी गेली, खाली बसली आणि साबूत हात त्याच्या पाठीवर ठेवला. दोन बोटं केसांत रुतली. आत मोठं भांडं मंद आचेवर उकळावं तसा जीव चालू होता.

"पाच माणसं हायत ना? ऐका," ती म्हणाली. "जनावर माह्यं. गुन्हा माह्या."

वर आलेल्या कुऱ्हाडी हवेतच अडकल्या.

"बुढे, डोकं फिरलं काय तुह्यं?" शेषराव म्हणाला. "दारोगा मारला त्यानं."

"माह्या जनावरानं माह्यं जनावर मारलं. घरातलं भांडण हाय. तुमाले काय करायचं त्यात?"

"आन् ढोलवाला? आन् माह्या हात?" खाटेवरून उकंडराव बोलला.

"ढोलवाल्याचा गुन्हा बी माह्याच. त्याच्या वावरात राबीन मी, जमंल तोवर. तुह्या हाताचं म्हणशील तं, तू कोंडवाड्यात शस्त्र घेऊन उतरला व्हता. तरी बी ये घरी. मी हाय, लोढणं हाय. जो हात तोडायचा तो तोड माह्या. डावा आधीच मोडेल हाय, तुले सोपा जाईल."

उकंडरावने तिच्याकडे बघितलं. तिच्या कपाळावर त्याच्याच रक्ताचा शिंतोडा वाळला होता. मग त्याने खाटेभोवतीच्या लोकांकडे बघितलं. सकाळी तो आत ओरडत असताना हत्यारं घेऊन बाहेर उभे होते, ते हेच लोक.

"खाट उचला बे," तो म्हणाला. "ऊन लागून राह्यलं."

खाट उचलली.

वाघाची मांडी शिवली, महिनाभर ठेवून घेतला आणि परत ज्ञानगंगेत सोडला, गळ्यात नवा पट्टा घालून. दारोगाला कोंडवाड्याच्या मागे पुरलं. खड्डा खणायला सबंध गाव लागलं, शेषरावही एक डोळा झाकून आला. ढोलवाला पालथं झोपायला शिकला. त्याच्या पराटीत गोजरबाई एका हाताने कापूस वेचत होती, तो नको नको म्हणत होता तरी. उकंडरावचा हात कोपरापासून गेला. तो आता डाव्या हाताने तंबाखू मळतो आणि मळून झाली की न विचारता अर्धी गोजरबाईला देतो.

पण एक भलतंच लफडं तिच्या मागे लागलं. चार गावांत बोभाटा झाला की पळसझिरीच्या बुढीने वाघ माझा म्हटलं. उन्हाळ्यात रोहिणखेडकडचा एक माणूस सकाळी सकाळी दारात उभा.

"माय, तुह्या वाघानं माही वगार खाल्ली."

गोजरबाईने त्याला चहा दिला. "पट्टा व्हता?"

"हाव, व्हता."

"त्याले कोणी हात लावला काय?"

"नाही. आधी म्हटलं तुह्याकडं यावं."

ती त्याच्यासोबत गेली. म्हशीची ती मेलेली वगार बघितली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग जंगलाच्या कडेला, साऱ्या घरादारासमोर उभी राहिली आणि वाघाला तिने अशा शिव्या दिल्या की पळसाची पानं वाळून गळाली आणि झाडावरची माकडं पिलांचे कान धरून आत निघून गेली. त्याचे आई, बाप, यवतमाळचे सगळे नातेवाईक, कोणी सुटलं नाही. पाऊण तास. शेवटी तो माणूसच म्हणाला, "जाऊ दे माय, जनावराची जात हाय," आणि तिला बसस्टॉपवर सोडून आला. विषाचा डबा त्याने गोठ्यात काढून ठेवला होता, तो परत माळ्यावर गेला.

त्यानंतर अशी बोलावणी सतरा आली. एकाही गावात वाघाला कोणी दगड मारला नाही.

पंधरा-वीस दिवस कोणीच आलं नाही की मात्र तिला करमेना. मग ती फाटकाच्या पायरीवर बसून राहायची आणि प्रेमानंद फटफटीवरून जाताना दिसला की हात वर करायची.

"तो ठिपका हाय काय रे मोबाईलवर?"

"आहे माय."

"हालून राह्यला?"

प्रेमानंद फोन काढायचा, उन्हात हाताची सावली करून बघायचा. "सकाळपासून तीन किलोमीटर गेला."

"मेला बसत नाही एका जागी," गोजरबाई म्हणायची, आणि किल्ली पदराने पुसून परत गळ्यात टाकायची.